एक्सला भेटून ‘आपलं नेमकं का तुटलं’ हे विचारायचं असेल तर

‘एकदाच भेटू, नीट बोलू’ असं ठरवून झालेल्या पुष्कळ भेटी अर्ध्या तासात भांडणावर येतात, नाहीतर रडण्यावर. भेटायला जाणाऱ्याच्या डोक्यात एकच शब्द घोळत असतो: का? ‘का सोडलंस मला?’ हे कानावर पडलं की समोरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो. मग तो स्वतःचा बचाव करतो, नाहीतर तुमच्या चुका काढतो, नाहीतर ‘तू खूप चांगली आहेस गं, प्रॉब्लेम माझ्यातच आहे’ असं काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतो. तिन्ही वेळा तुम्ही रिकाम्या हाती घरी येता.

त्याच जागी ‘आपलं पुढे जमणार नाही असं तुला पहिल्यांदा कधी वाटलं?’ असं विचारून बघा. ‘कधी’च्या उत्तरात दिवस येतो, जागा येते, कुणीतरी बोललेलं वाक्य येतं. ‘गेल्या दिवाळीत तुझ्या ताईकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा तू सगळ्यांसमोर माझ्या पगाराचा विषय काढलास, त्या रात्री.’ हे ऐकायला जड आहे, पण यात धरायला काहीतरी आहे. ही भेट अशा दोन-तीन उत्तरांसाठी करायची असते. बाकीची सगळी तयारी ती उत्तरं मिळावीत म्हणून आहे.

आधी भेटायचं की नाही ते ठरवा

नात्यात मारहाण, धमक्या, फोन तपासणं, पाळत ठेवणं किंवा ‘सोडलंस तर जिवाचं बरंवाईट करीन’ असं झालं असेल तर भेटू नका. ‘आता तो बदललाय’ असं मित्रमंडळी सांगत असली तरी नाही. किल्ली, कागदपत्रं, लॅपटॉप असं काही परत घ्यायचं असेल तर दुसऱ्या माणसाला पाठवा. धोका वाटला तर ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

समोरच्याचं लग्न ठरलं असेल किंवा झालं असेल तर हा प्रश्न आपल्यापाशीच ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या भेटीची किंमत तिसरा माणूस मोजतो. घटस्फोटाचं किंवा पोटगीचं प्रकरण कोर्टात चालू असेल तर वकिलांना विचारल्याशिवाय भेटू नका.

आणि समोरच्याने नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला. मैत्रिणीकडून निरोप धाडणं, ऑफिसखाली उभं राहणं, नव्या नंबरवरून मेसेज करणं, यातलं काहीही करायचं नाही. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा होतो, आणि पहिल्या वेळेलाही त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, नकार देणाऱ्या माणसाला गाठून काढून घेतलेलं उत्तर खरं नसतं.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. समोरचा माणूस म्हणतोय, ‘मला तुझा कंटाळा आला होता,’ किंवा ‘मला दुसरं कुणीतरी आवडायला लागलं होतं.’ हे ऐकून आणखी दहा मिनिटं खुर्चीत बसता येईल का? येणार नसेल तर अजून थांबा. दुसरी खूणही ओळखून ठेवा. भेटीसाठी नवा कुर्ता घ्यावासा वाटतोय, त्याने दिलेलं घड्याळ मुद्दाम घालून जावंसं वाटतंय, तर तुम्ही उत्तरासाठी जात नाही आहात, परत एकत्र येण्यासाठी जाताय. ती इच्छा असणं चुकीचं नाही. पण चौकशीच्या नावाखाली ती नेली तर दोन्ही गोष्टी फसतात.

किती दिवसांनी

तुटल्यावर किमान सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. नातं दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तीन महिने. हा शास्त्रातला आकडा नाही, अनुभवाचा हिशेब आहे. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडालेली असते, जेवण जात नाही, आणि अशा अवस्थेत माणूस जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी त्यालाच आठवत नाही. उलट वर्षभर थांबलात तर दोघांनीही आपापल्या मित्रांना ती गोष्ट इतक्यांदा सांगितलेली असते की ती घोटून गुळगुळीत होते. मग ऐकायला मिळते ती तयार गोष्ट, झालेली घटना नाही.

कुणाचीही परीक्षा, नोकरी बदलायचा आठवडा, घरातलं लग्नकार्य, गणपती-दिवाळी आणि तुमच्या ‘त्या’ तारखेच्या आसपासचे दिवस टाळा.

मेसेज

फोन करू नका, व्हॉइस नोट पाठवू नका. आवाजात रडू येतं, आणि समोरच्याला विचार करायला वेळ मिळत नाही. लिहून पाठवा. रात्री लिहिलेला मेसेज सकाळी वाचा आणि मगच पाठवा. रात्री दहानंतर तर पाठवूच नका. त्यात चार गोष्टी हव्यात: कशासाठी, किती वेळ, कशासाठी नाही, आणि नकाराची मोकळीक. साधारण असा:

‘गेल्या तीन महिन्यांत मी आपल्याबद्दल शांतपणे विचार केला. एक-दोन गोष्टी मला अजून कळलेल्या नाहीत, त्या तुझ्याकडून समजून घ्यायच्या आहेत. पुन्हा सुरू करण्यासाठी किंवा भांडण्यासाठी नाही. पुढच्या दोन आठवड्यांत कधी एक तास भेटशील का? नको वाटत असेल तर तसं सांग, मी परत विचारणार नाही.’

शेवटचं वाक्य फक्त लिहायचं नाही, पाळायचं आहे. उत्तरासाठी आठ दिवस धरा. निळ्या टिक्स दिसूनही आठ दिवसांत काही आलं नाही तर तो नकारच समजा.

प्रश्न

खरी मेहनत इथे आहे, आणि ती भेटीच्या आधी घरी करायची आहे. टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात लोकांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातल्या सर्वांत अवघड प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. तीच पद्धत इथे वापरता येते. व्याकरण, शुद्धलेखन, वाचणारा कोण, कशाचाच विचार न करता चार दिवस लिहा. पहिले दोन दिवस बहुधा राग निघतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपलंही कुठे चुकलं ते कागदावर यायला लागतं. त्या लिखाणातले सगळे प्रश्न एका कागदावर काढा. पंधरा-वीस निघतील.

आता गाळायला बसा. ज्यांचं उत्तर तुम्हालाच माहीत आहे ते काढून टाका. ‘माझं तुझ्यावर किती प्रेम होतं, कळलं का तुला?’ यासारखी वाक्यं प्रश्नचिन्ह लावलेल्या तक्रारी आहेत, तीही काढा. ‘माझ्यात काय कमी होतं?’ हा सगळ्यांच्या यादीत असतो. त्याला खरं उत्तर नसतं, फक्त जखम करणारं उत्तर असतं. उरलेल्यांमधला प्रत्येक ‘का’ खोडून तिथे ‘कधी’, ‘कशावरून’ किंवा ‘कोणत्या वेळी’ बसतं का ते बघा. ‘तू बोलणं का कमी केलंस?’ याचं ‘मार्चनंतर तुझे फोन कमी झाले, तेव्हा तुझ्याकडे काय चाललं होतं?’ असं होतं. ‘माझ्यावर विश्वास का नव्हता?’ याचं ‘मी खोटं बोलते असं तुला कोणत्या गोष्टीवरून वाटलं?’ असं होतं. शेवटी तीन ठेवा. एका तासात तीन प्रश्नांना न्याय मिळतो, चौथा विचारायला घड्याळ पुरत नाही.

दुसरं कुणी होतं का, हे विचारावं की नाही यावर मतं निराळी आहेत. आमच्या मते ते जाणून घेतल्याशिवाय चालणारच नसेल तर पहिल्या तीन प्रश्नांत ठेवा, एकदाच सरळ विचारा, आणि हो-नाहीच्या पुढे जाऊ नका. कोण, कुठे, किती वेळा हे तपशील डोक्यात वर्षानुवर्षं फिरत राहतात. शरीरसंबंध होते आणि उत्तर ‘हो’ आलं, तर मात्र तपासणी करून घ्या. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयांतल्या तपासणी केंद्रात मोफत होते, नाव गुप्त राहतं. १०९७ या नंबरवर माहिती मिळते.

‘घरचे तयार नाहीत’

आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण हे आहे, आणि सर्वांत कमी उलगडलं जाणारंही हेच. जात, पत्रिका, पगार, शिक्षण, मुलगी वयाने मोठी असणं, ‘आईला पटलं नाही’, हे सगळं या तीन शब्दांच्या पोटात असतं. कधी ते पूर्ण खरं असतं. घरात चार महिने अबोला असतो, वडिलांचं बीपी वाढलेलं असतं, काका-मामा येऊन बसलेले असतात. कधी स्वतःचं मन आधीच निघून गेलेलं असतं आणि घरच्यांचं नाव पुढे केलेलं असतं, कारण ‘मलाच नको आहे’ म्हणण्यापेक्षा ते सोपं जातं. आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतं: मन थोडं डळमळलेलं होतं, घरच्यांनी विरोध केल्यावर झगडायचं बळ उरलं नाही.

यातलं काय होतं हे ‘खरं सांग, घरचे का तू?’ असं दरडावून कधीच कळत नाही. असं विचारा: ‘घरी माझ्याबद्दल पहिल्यांदा कधी सांगितलंस? कुणाला? काय शब्दांत सांगितलंस? ते काय म्हणाले?’ ज्याने खरंच घरी सांगितलेलं असतं त्याला तो प्रसंग आठवतो. रविवार होता, आई भाजी निवडत होती, बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ज्याने सांगितलंच नव्हतं तो म्हणतो, ‘अगं, ते मानणारच नव्हते, मला माहीत होतं.’ हेही उत्तर आहे, आणि ते पुरेसं आहे. तिथे ‘म्हणजे तू विचारलंच नाहीस!’ असं ओरडू नका. मनात नोंद करा आणि पुढच्या प्रश्नावर जा. ज्याला आई-वडिलांना दुखवायचं धैर्य झालं नाही तो माणूस वाईटच असतो असं नाही, पण तुम्हाला जे कळायचं होतं ते कळलेलं असतं.

जागा आणि वेळ

तुमची दोघांची नेहमीची जागा नको. कुणाची खोली नको, गाडीत बसून नको, बाइकवरून ‘एक चक्कर मारू’ तर नकोच. जेवायला भेटू नका. थाळीच्या हॉटेलात वाढपी दर दोन मिनिटांनी आमटी घेऊन येतो आणि नेमकं वाक्य तुटतं. जेवण मागवलं की उठताही येत नाही. इराणी हॉटेलात टेबल अडवून तासभर बसणं बरं दिसत नाही. चहा-कॉफी मागवून निवांत बसता येईल असं कॅफे, कोपऱ्यातलं टेबल, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी चार ते पाच, हे उत्तम. शनिवार संध्याकाळी शेजारच्या टेबलावर दुसरी जोडपी असतात, ते नको.

काही जणांना समोरासमोर बसलं की बोलताच येत नाही, विशेषतः ज्यांना डोळ्यांत बघून अवघड बोलायची सवय नाही अशांना. त्यांच्यासाठी शेजारी-शेजारी चालणं चांगलं. मुंबईत शिवाजी पार्कभोवती किंवा मरीन ड्राइव्हला चालत बोलता येतं, थकलं की कट्ट्यावर टेकता येतं, माणसांची जाग असते पण कुणी कान देत नाही. पुण्यात बाग ठरवणार असाल तर आधी वेळ बघा. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात आणि बंद फाटकासमोर उभं राहून सुरुवात अवघडते. गाव लहान असेल, सगळे ओळखीचे असतील, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी भेटा. नाहीतर तुम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते.

एक जण परदेशात असेल तर व्हिडिओ कॉल चालतो, पण वेळ नीट बघा. उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेनऊ असतात तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. एक दमलेला, दुसरा ऑफिसच्या घाईत. इथली शनिवार सकाळ साडेआठ आणि तिथली शुक्रवार संध्याकाळ आठ, ही वेळ दोघांनाही सोसते.

तासानंतर निघायचं कारण आधीच ठरवून ठेवा आणि सुरुवातीलाच सांगा: ‘मला सव्वापाचला निघायचंय.’ एका मैत्रिणीला किंवा मित्राला जागा आणि वेळ सांगून ठेवा, साडेपाचला फोन करायला लावा.

समोर बसल्यावर

फोन सायलेंट करून पिशवीत ठेवा. टेबलावर पालथा ठेवलेला फोनसुद्धा रेकॉर्डिंगचा संशय निर्माण करतो. पहिली पाच मिनिटं साधं बोला, ट्रॅफिक, काम. मग आभार मानून थेट विषयावर या: ‘आलास, बरं वाटलं. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मी मध्ये बोलणार नाही, तू तुझ्या सवडीने सांग.’

पहिला प्रश्न विचारला की गप्प बसा. ही शांतता फार लांबल्यासारखी वाटते. मनात दहापर्यंत अंक मोजा. बहुतेक माणसं पहिलं उत्तर सभ्यपणाचं देतात आणि समोरून काही आलं नाही की त्यामागचं खरं सांगायला लागतात. तुम्ही तिसऱ्या सेकंदाला ‘म्हणजे मला म्हणायचंय की...’ सुरू केलंत तर ते दुसरं उत्तर कायमचं गेलं.

ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे मी सारखी तुझ्या मित्रांवर चिडायचे, त्याने तुला घुसमटल्यासारखं व्हायचं, बरोबर?’ यात कबुली नाही, फक्त नीट ऐकल्याची खात्री आहे. उत्तर फार ढोबळ असेल, ‘आपलं जमत नव्हतं’ या धर्तीचं, तर एकच उदाहरण मागा. एकदा मागा. नाही मिळालं तर सोडा. तपशील चुकीचा सांगितला, ‘ते जूनमध्ये नाही, जुलैमध्ये झालं’ असं असेल, तर दुरुस्त करू नका. तारखेवरून सुरू झालेला वाद हमखास मुद्द्यावरून घसरतो.

जोडप्यांच्या भांडणांचा अनेक दशकं अभ्यास केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणसाला समोरचं नीट ऐकू येत नाही, आणि शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात. कानशिलं तापली, हात थरथरले, आवाज चढला तर ‘मी जरा बाहेर जाऊन येते’ म्हणून खरंच उठा. वीस मिनिटं चाला. तासाच्या हिशेबात ती बसत नसतील तर भेट तिथेच संपवा. तापलेल्या डोक्याने काढलेली शेवटची दहा मिनिटं आधीच्या चाळीस मिनिटांची माती करतात. रडू आलं तर येऊ द्या. समोरच्याला आलं तर पाण्याचा ग्लास पुढे सरकवा आणि थांबा, समजूत घालायला जवळ घेऊ नका. मिठी मारायची की नाही हे घरून ठरवून या.

तुमच्याकडून माफी निघत असेल तर त्या गोष्टीचं नाव घेऊन मागा. ‘मी काही चुकले असेन तर सॉरी’ ही जर-तरची माफी समोरच्याच्या गळी उतरत नाही. ‘मी तुझ्या नकळत तुझा फोन बघितला, ते चुकलं’ एवढं एक वाक्य पुरतं. त्याला ‘पण’ जोडू नका, आणि बदल्यात माफीची वाटही बघू नका.

‘परत सुरुवात करूया का?’ हे समोरून आलं, किंवा तुमच्याच तोंडून निघालं, तर निर्णय त्या टेबलावर करायचा नाही. किमान पंधरा दिवस मध्ये जाऊ द्या. तासभर मोकळं बोलल्याचा हलकेपणा असतो, त्याला प्रेम समजून माणसं त्याच संध्याकाळी परत एकत्र येतात. ज्या कारणाने तुटलं ते कारण मात्र तिथेच असतं.

वस्तू, पैसे, फोटो

हे विषय आधी मेसेजवर उरकून घ्या. भाड्याच्या घराचं डिपॉझिट, एकमेकांच्या खात्यातून जाणारे ऑटो-पे, विम्यातलं वारसाचं नाव, चालू असलेलं लोकेशन शेअरिंग, एकत्र फोटो अल्बम, ओटीटीचे पासवर्ड. परत द्यायच्या वस्तू निघताना द्या, आल्या आल्या पिशवी टेबलावर ठेवली की बोलणं तिथेच आटतं. खाजगी फोटो-व्हिडिओ असतील तर ते पुसून टाकायला स्पष्ट शब्दांत सांगा आणि तेच मेसेजवरही लिहून ठेवा. कुणी ते पसरवायची धमकी दिली तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, मेसेज उडवू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांसंबंधीची अशी तक्रार नाव न देताही करता येते.

त्या संध्याकाळी

घरी सोडायला येतो म्हटलं तरी वेगळे जा. घरी पोचल्यावर, जेवणाआधी, कागदाच्या डाव्या बाजूला समोरचा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि उजव्या बाजूला तुम्हाला त्यातून काय वाटलं ते. ही दोन रकान्यांची विभागणी महत्त्वाची आहे, कारण आठवड्याभरात उजवा रकाना डाव्यात मिसळतो आणि ‘तो म्हणाला की मी त्याच्या लायकीची नाही’ असं काहीतरी आठवायला लागतं, जे तो कधी म्हणालाच नव्हता. उत्तर अर्धवट मिळालं असेल तर अर्धवटच लिहा. काही कारणं समोरच्यालाही माहीत नसतात.

राहून गेलेले मुद्दे मेसेज करून पाठवू नका. महिनाभर स्टेटस, स्टोरी, डीपी म्यूट ठेवा. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर समुपदेशकाला भेटा. जगणं नकोसं वाटलं तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री कधीही मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे.

रात्री बहुधा एक मेसेज येतो: ‘पोचलीस का?’ सवयीने येतो, काळजीनेही येतो. ‘पोचले. वेळ दिलास, थँक्यू.’ एवढं लिहा आणि फोन चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत ठेवा.